वाटणीनंतरची हॉकी: चेक आणि स्लोव्हाक संघांत बलवान कोण?

फेब्रुवारी १९९४ मध्ये नॉर्वेतल्या लिलहॅमरला हिवाळी ऑलिंपिक झालं. तिथे स्लोव्हाकिया नावाचा जेमतेम वर्षभराचा देश आइस हॉकीत आपल्या गटात पहिला आला. त्याने कॅनडाला ३–१ असं हरवलं, स्वीडनशी ४–४ बरोबरी केली. पुढे याच दोन संघांनी अंतिम सामना खेळला. उपांत्यपूर्व फेरीत रशियाने जादा वेळेत स्लोव्हाकियाला थांबवलं आणि संघ शेवटी सहावा आला. मिरोस्लाव शतान हा एकोणीस वर्षांचा पोरगा ९ गोल करून स्पर्धेत गोलांच्या यादीत सगळ्यांच्या वर होता.

पुढच्याच महिन्यात हा देश जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या ‘सी’ गटात, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, खेळत होता. स्वीडन-कॅनडाला रोखणाऱ्या देशासमोर आता असे संघ होते, ज्यांच्याविरुद्ध किती गोल घालायचे एवढाच प्रश्न उरतो.

चेक आणि स्लोव्हाक हॉकीची तुलना करायला बसलं की बहुतेक जण पदकं मोजतात. मोजणी सोपी आहे आणि निकालही स्पष्ट आहे. पण १९९४ चा तो विचित्र वसंत ध्यानात घेतला नाही तर आकड्यांचा अर्थ चुकतो.

वाटणी

१ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. त्या क्षणी स्वीडनमध्ये वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा चालू होती. डिसेंबरच्या शेवटी चेकोस्लोव्हाकिया म्हणून उतरलेल्या पोरांचा देश स्पर्धेच्या मध्येच संपला. संघ मात्र तोच राहिला, आणि त्यांनी एकत्र कांस्यपदक जिंकलं. एका संघाने दोन देशांसाठी मिळवलेलं हे बहुधा एकमेव हॉकी पदक असेल.

मोठ्या माणसांच्या संघाबाबत आंतरराष्ट्रीय महासंघाने एवढा गोड शेवट होऊ दिला नाही. चेक प्रजासत्ताक हा जुन्या देशाचा वारस ठरला आणि वरच्या गटातली जागा त्याला मिळाली. स्लोव्हाकिया नवा सदस्य, म्हणून तळापासून सुरुवात. सोव्हिएत संघ फुटला तेव्हाही हाच न्याय लावला होता: जागा रशियाला, आणि लाटविया, युक्रेन ‘सी’ गटात. नियम म्हणून सुसंगत, खेळ म्हणून हास्यास्पद. आपल्याकडच्या वाटण्यांत थोरल्याला राहता वाडा आणि धाकट्याला माळरान मिळतं, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की इथे धाकट्याच्या अंगात बळ थोरल्याइतकंच होतं.

कारण जुन्या संघात स्लोव्हाक काही पाहुणे नव्हते. १९४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने पहिलं जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा संघात लाडिस्लाव त्रोयाक हा एकच स्लोव्हाक होता. कोशित्से शहरातलं स्टेडियम आज त्याच्या नावाने ओळखलं जातं. पण १९६९ पर्यंत चित्र पालटलं होतं. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर सात महिन्यांनी स्टॉकहोममध्ये चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला एकाच स्पर्धेत दोनदा हरवलं, २–० आणि ४–३. त्या संघाचा कर्णधार योझेफ गोलोन्का स्लोव्हाक, गोलरक्षक व्लादिमिर झुरिला स्लोव्हाक. दुसऱ्या विजयानंतर प्रागच्या वेन्सेस्लास चौकातलं एअरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीचं कार्यालय फोडलं गेलं, आणि त्याचं निमित्त करून काही आठवड्यांत अलेक्झांडर दुबचेक यांना सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखपदावरून घालवण्यात आलं. दुबचेकही स्लोव्हाकच. १९७६ आणि १९७७ ची जगज्जेतेपदं मिळाली तेव्हा प्रशिक्षकांची जोडी कारेल गुट आणि यान स्टार्शी अशी होती, एक चेक आणि एक स्लोव्हाक.

क्लबांच्या पातळीवर मात्र तराजू कधीच समतोल नव्हता. चेकोस्लोव्हाक लीगच्या साऱ्या इतिहासात स्लोव्हाक क्लबांनी फक्त चार वेळा विजेतेपद मिळवलं: स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा १९७९, कोशित्से १९८६ आणि १९८८, दुक्ला त्रेन्चीन १९९२. एकट्या दुक्ला यिहलावा या चेक लष्करी क्लबच्या नावावर बारा विजेतेपदं आहेत. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांचं सगळं गणित या एका आकड्यात दडलेलं आहे. उत्तम खेळाडू दोन्हीकडे तयार होत होते. उत्तम क्लब भरपूर संख्येने एकीकडेच होते.

वर चढण्याची आठ वर्षं

स्लोव्हाकियाने वेळ दवडला नाही. १९९४ मध्ये ‘सी’ गट जिंकला, १९९५ मध्ये ब्रातिस्लाव्हात ‘बी’ गट जिंकला, १९९६ मध्ये व्हिएन्नात वरच्या गटात पाऊल ठेवलं. या प्रवासात पेतर श्त्यास्तनी सोबत होता. १९८० मध्ये भाऊ अँटनसह इन्सब्रुकहून कॅनडाला पळून गेलेला हा महान खेळाडू चेकोस्लोव्हाकियासाठी खेळला, मग कॅनडासाठी खेळला, आणि सदतीस-अडतिसाव्या वर्षी नव्या स्लोव्हाकियासाठी दुय्यम गटाच्या स्पर्धेत उतरला. लिलहॅमरला देशाचा झेंडाही त्यानेच धरला होता.

आता त्याच काळातली चेक बाजू. १९९६ चं व्हिएन्नातलं जगज्जेतेपद त्यांनी कॅनडाला ४–२ हरवून घेतलं. १९९८ मध्ये नागानो. राष्ट्रीय हॉकी लीगने, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या एनएचएलने, पहिल्यांदाच हंगाम थांबवून सगळे खेळाडू ऑलिंपिकला सोडले होते. गोलात डॉमिनिक हाशेक. उपांत्य फेरीत कॅनडाविरुद्ध पेनल्टी फटक्यांत त्याने पाचही जणांना अडवलं, अंतिम सामन्यात रशियाला एकही गोल करू दिला नाही. पेत्र स्वोबोदाच्या एका गोलावर चेक संघ १–० ने ऑलिंपिक विजेता झाला. मग १९९९, २००० आणि २००१ अशी लागोपाठ तीन जगज्जेतेपदं.

आणि नागानोत स्लोव्हाकिया? तो मुख्य फेरीत पोचलाच नाही. मानांकनामुळे त्याला आधी पात्रता फेरी खेळावी लागली. ती फेरी एनएचएलची सुट्टी सुरू होण्याआधीच आटोपत होती, म्हणून बरेच उत्तम खेळाडू अमेरिकेत अडकले आणि कझाकस्तान पुढे गेला. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला पुन्हा तेच झालं. स्लोव्हाकिया तेरावा आला. तीन महिन्यांनी, मे २००२ मध्ये, हाच देश गोथेनबर्गमध्ये जगज्जेता झाला.

एकाच वर्षी तेरावा आणि पहिला. ‘सी’ गटातल्या त्या सुरुवातीचं व्याज असं वर्षानुवर्षं भरावं लागत होतं. त्यामुळे १९९३ ते २००२ या काळातली पदकं मोजून ‘चेक कितीतरी पुढे होते’ असं म्हणणं मला मान्य नाही. ते पुढे होते, पण पदकतक्ता दाखवतो तितके नाही. २००० मध्ये सेंट पीटर्सबर्गला जगज्जेतेपदाचा अंतिम सामना याच दोघांत झाला आणि चेक ५–३ ने जिंकले. इतकंच अंतर असेल फार तर.

गोथेनबर्गच्या अंतिम सामन्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण स्लोव्हाकियात आजही त्या गोलाची वेळ लोकांना पाठ असते. समोर रशिया. स्लोव्हाकियाने घेतलेली आघाडी रशियाने फेडली, ३–३. शेवटाला शंभर सेकंद उरले असताना झिगमुंद पाल्फीने पक (हॉकीची रबरी चकती) पुढे दिला आणि पेतर बोंड्राने तो मारला: ४–३. कर्णधार शतान, प्रशिक्षक यान फिल्ट्स. ब्रातिस्लाव्हाच्या चौकात त्या रात्री हजारोंनी लोक जमले. नऊ वर्षांच्या देशाला जगाने पहिल्यांदा ठळकपणे ओळखलं ते बहुधा तेव्हाच, आणि तेही ‘अरे, हा चेकोस्लोव्हाकिया नव्हे’ असं म्हणत.

खोली म्हणजे काय

आइस हॉकी न पाहिलेल्या वाचकासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा मुद्दा कळणार नाही. बर्फावर एका वेळी एका संघाचे गोलरक्षकासह सहा जण असतात, पण सामन्याला सज्ज खेळाडू वीस-बावीस. वेग इतका असतो की पाऊण-एक मिनिटात दम संपतो. तुकडी बाहेर येते, दुसरी आत जाते. आघाडीच्या तीन-तीन जणांच्या चार तुकड्या आळीपाळीने खेळतात. पहिली तुकडी कितीही जबरदस्त असली तरी ती साठ मिनिटांतली वीस मिनिटं खेळणार. उरलेली चाळीस मिनिटं दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या तुकडीची. जवळपास न बदलता पूर्णवेळ खेळतो तो एकच माणूस, गोलरक्षक.

म्हणून इथे संघाची ताकद दोन ठिकाणी असते: गोलात आणि तिसऱ्या तुकडीत. मागच्या तुकड्यांतल्या या ताकदीलाच संघाची खोली म्हणतात. पहिल्या तुकडीत स्लोव्हाकिया कधीच चेकपेक्षा उणा नव्हता. पाल्फी, बोंड्रा, शतान, देमित्रा, होसा, गाबोरिक, आणि बचावाला २०६ सेंटिमीटर उंचीचा झ्देनो खारा: सव्वापाच-साडेपाच दशलक्ष लोकवस्तीच्या देशाने एका पिढीत इतके खेळाडू द्यावेत हे आश्चर्यच. चेक लोकसंख्या याच्या दुप्पट. पण चौथी तुकडी भरायची वेळ आली की चेक प्रशिक्षकाकडे निवडीचा प्रश्न असायचा, स्लोव्हाक प्रशिक्षकाकडे भरतीचा.

मोठ्या स्पर्धांत दोघे समोरासमोर आले तेव्हाचे निकाल याला धरून आहेत. २००३ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदकासाठी स्लोव्हाकिया ४–२. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये गटातले पाचही सामने जिंकून स्लोव्हाकिया उपांत्यपूर्व फेरीत आला आणि चेककडून १–३ हरला. २०१० मध्ये व्हॅंकुव्हरला गटात पुन्हा चेक ३–१. पण पुढे चेक सातवे आणि स्लोव्हाक चौथे. त्या चौथ्या जागेची हळहळ अजून आहे: कांस्यपदकाच्या सामन्यात फिनलंडविरुद्ध दोन सत्रांनंतर ३–१ अशी आघाडी होती, तिसऱ्या सत्रात चार गोल खाल्ले. दमलेल्या पहिल्या तुकडीमागे कोणी नसणं म्हणजे काय, हे ती वीस मिनिटं पाहून समजतं. सोचीत २०१४ ला चेक ५–३. एकूण पारडं चेककडे, पण कुठेच धुव्वा नाही.

२०१२ ची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०११ मध्ये रशियातल्या यारोस्लाव्हलजवळ लोकोमोटिव्ह क्लबचं विमान पडलं. त्यात पावोल देमित्रा गेला, आणि यान मारेक, कारेल राखूनेक, योझेफ वाशिचेक हे तीन चेक खेळाडूही. पुढच्या मे महिन्यात हेलसिंकीत स्लोव्हाकियाने कॅनडाला ४–३ आणि उपांत्य फेरीत चेकना ३–१ हरवलं. अंतिम सामना रशियाने ६–२ ने जिंकला. रौप्यपदक घेताना कर्णधार खाराच्या अंगात देमित्राचा सदरा होता. आणि चेकना हरवणाऱ्या त्या स्लोव्हाक संघाचा प्रशिक्षक व्लादिमिर वुयतेक स्वतः चेक होता. तीन वर्षांनी तोच चेक राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. राजकीय वाटणी झाली तरी हॉकीची माणसं सीमेच्या दोन्हीकडे अशी सहज ये-जा करत राहिली. स्लोव्हाक खेळाडूंना चेक लीगमध्ये जास्त पैसे आणि जास्त चुरस मिळते, म्हणून ओघ मात्र मुख्यतः पश्चिमेकडेच.

जन्मतारखा

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. स्लोव्हाक सुवर्णपिढीतल्या लोकांची १ जानेवारी १९९३ रोजीची वयं पाहा. बोंड्रा २४. पाल्फी २०. शतान आणि देमित्रा १८. विश्न्योव्स्की १६. खारा १५. होसा १३. गाबोरिक १०. म्हणजे २००२ ला जगज्जेतेपद मिळवणारा गाभा जुन्या, एकत्र देशाच्या व्यवस्थेत घडलेला होता. सरकारी पैशावर चालणारी बर्फाची मैदानं, शाळांतले क्रीडावर्ग, पगारी प्रशिक्षक, आणि दर आठवड्याला प्राग, पार्दुबित्से, यिहलावाच्या तोडीस तोड पोरांशी सामने. त्रेन्चीनसारख्या छोट्या शहरातून खारा, होसा आणि गाबोरिक निघाले याला दैवी चमत्कार म्हणण्याची गरज नाही. लष्करी क्लब दुक्लाभोवती ती सगळी यंत्रणा उभी होती.

वाटणीनंतर चेकनाही सरकारी पैसा आटला. पण त्यांच्याकडे लीग उरली. डझनभर चांगले क्लब, त्यांच्या खाली दुसरी श्रेणी, तिच्या खाली तिसरी. स्लोव्हाक पोराला मात्र आता आठवड्याला तेच तेच मोजके प्रतिस्पर्धी. क्लब कर्जात, चांगली मुलं सोळाव्या वर्षी कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये. २००७ मध्ये संघटनेने वीस वर्षांखालचा राष्ट्रीय संघच वरिष्ठ लीगमध्ये उतरवला, निदान मोठ्यांशी खेळून शिकतील म्हणून. स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा २०१२ मध्ये रशियाप्रणीत केएचएल लीगमध्ये गेला, देशी लीगचा सर्वांत मोठा क्लबच बाहेर पडला, आणि सात वर्षांनी रिकाम्या खिशाने परत आला. २०१८ मध्ये लीगमध्ये हंगेरीचे दोन क्लब घेतले गेले. हे मी हिणवण्यासाठी सांगत नाही. लहान देशाची लीग टिकवायची तर हे उपाय करावेच लागतात.

परिणाम दिसायला पंधरा वर्षं लागली, कारण जुनी पिढी तेवढी वर्षं खेळत होती. गाबोरिकचा जन्म १९८२ चा. त्यानंतर हालाक, सेकेरा, तातार असे चांगले खेळाडू आले, पण पाल्फी-होसाच्या तोलाचं कोणी नाही. २०१२ च्या रौप्यानंतर स्लोव्हाकियाला जागतिक स्पर्धेत पुन्हा पदक मिळालेलं नाही. २०१९ मध्ये ब्रातिस्लाव्हा आणि कोशित्सेत, घरच्या प्रेक्षकांपुढे, नववा क्रमांक.

पण एक उलट पुरावा आहे आणि तो टाळता येत नाही. चेकही याच काळात घसरले. २०१२ च्या कांस्यानंतर दहा वर्षं त्यांनाही एकही पदक नाही. लीग श्रीमंत, क्लब भरपूर, तरीही. म्हणजे नुसत्या खोलीने पदकं येत नाहीत. वरच्या टोकाला हाशेकसारखा गोलरक्षक किंवा यारोमिर यागरसारखा आघाडीचा खेळाडू लागतो, आणि ते वर्गणी काढून मिळत नाहीत. खोली काय देते, तर तळ. चेक संघ वाईट काळातही उपांत्यपूर्व फेरीच्या आसपास राहिला. स्लोव्हाक संघ २००८ मध्ये पदावनतीच्या फेरीत लटकला होता.

२०२२

मग बीजिंग ऑलिंपिक आलं. एनएचएलचे खेळाडू नाहीत. चेक संघ स्वित्झर्लंडकडून २–४ हरून नववा. स्लोव्हाकिया उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेविरुद्ध एका गोलने मागे, ४४ सेकंद उरलेली, तेव्हा मारेक ह्रिवीकने बरोबरी केली, आणि पेनल्टी फटक्यांत संघ जिंकला. कांस्यपदकासाठी स्वीडनवर ४–०. सतरा वर्षांच्या युराय स्लाफ्कोव्स्कीचे ७ गोल, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. त्याच उन्हाळ्यात एनएचएलच्या निवडीत, म्हणजे क्लब आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्या ‘ड्राफ्ट’मध्ये, पहिला क्रमांक स्लाफ्कोव्स्की, दुसरा शिमोन नेमेत्स. दोघेही स्लोव्हाक. त्याआधी कोणी स्लोव्हाक तिसऱ्याच्या वर निवडला गेला नव्हता, आणि तो तिसरा म्हणजे २००० सालचा गाबोरिक.

स्लोव्हाकियात ‘आता आपण चेकना मागे टाकलं’ असा सूर तेव्हा लागला होता. चेकनी उत्तर लगेच दिलं: कारी यालोनेन हा फिनिश प्रशिक्षक आणून त्याच मे महिन्यात जागतिक कांस्य, आणि २०२४ मध्ये प्रागला रादिम रुलिक यांच्या हाताखाली सुवर्ण. अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडवर २–०. पहिला गोल डेव्हिड पास्त्रन्याकचा, आणि गोलात लुकाश दोस्ताल. त्या स्पर्धेत स्लोव्हाकिया सातवा. वीस वर्षांखालच्या गटात चेकनी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन पदकं घेतली. स्लोव्हाकियाचं त्या गटातलं शेवटचं पदक २०१५ चं. चेक महिलांनीही २०२२ आणि २०२३ ला जागतिक कांस्य मिळवलं. स्लोव्हाक महिला २०१२ च्या जागतिक स्पर्धेनंतर त्या स्तरावर पुन्हा दिसल्या नाहीत.

माझं मत विचाराल तर असं: शंभर सामने खेळवले तर चेक साठ-पासष्ट जिंकतील, आणि हे प्रमाण १९९३ पासून फारसं हललेलं नाही. बदलत राहिलं ते शिखर. २००२ ते २००४ च्या सुमारास स्लोव्हाक शिखर चेकइतकंच उंच होतं, २०१५ च्या आसपास ते जवळपास नव्हतंच, आता ते पुन्हा वर येतंय. पण स्लाफ्कोव्स्की घडला फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या क्लबमध्ये, आणि त्याच्या मागोमाग आलेला दालिबोर द्वोर्स्की स्वीडनमध्ये. नेमेत्स मात्र नित्रा या स्लोव्हाक क्लबकडूनच मोठ्यांत खेळला. स्लोव्हाक हॉकी सावरली का, याचं उत्तर शोधायचं तर पहिल्या दोघांपेक्षा या तिसऱ्यासारखे किती निघतात ते पाहावं लागेल, आणि त्यांच्यामागे तिसऱ्या तुकडीत कोण उभं आहे तेही.